पारूबाईची कोरी अकरा वर्षं

८ जुलै २०२१, गुरुवार. अल खोर, कतार

आजी गेली. सकाळी मोठेबाबांचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसच्या रांगेत होते, नाकावर मास्क आणि चष्म्यावर वाफ. "मधू, आई गेली पोरी. झोपेतच गेली." आणि लगेच पुढचं वाक्य, "तू काही येऊ नको. येऊन काय करशील?"

हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज होती का? मला माहीत आहे मला जाता येणार नाही. गेले तर परत येताना दहा दिवस हॉटेलच्या खोलीत कोंडून घ्यायचं. त्याआधी रजा मिळायला हवी, आणि रजा मागितली की अवधूत सरांचा चेहरा असा होतो की जणू मी त्यांचं मूत्रपिंड मागितलं. पण "येऊ नको" हे मी म्हणायचं होतं, त्यांनी नाही. बाबा गेल्यापासून मोठेबाबांनी घरातला प्रत्येक निर्णय आपल्या नावावर करून घेतलाय. थोरले भाऊ आहेत बाबांचे, मान्य. आजी काय त्यांच्या एकट्याची होती?

एक्याण्णव वर्षांची होती. लोक म्हणणार, भरलं आयुष्य होतं. जो पहिला म्हणेल त्याच्याशी मी भांडणार आहे.

बसमध्ये रडले नाही. ऑफिसात पोचून एकशे चौदा कागदांवर नंबर टाकले.

९ जुलै, शुक्रवार

अंत्यविधी मोबाईलवर पाहिला. फोन कुणी धरला होता देव जाणे, मला बहुतेक वेळ आमच्या गावच्या, खैरीढाण्याच्या चर्चचा पंखाच दिसत होता. गीतं मात्र ऐकू आली. सगळे तालात गात होते, कारण आजी नव्हती. ती नेहमी अर्धी ओळ पुढे असायची, आणि बाकीच्यांनीच घाई करावी असं तिचं म्हणणं असायचं. आज ती सुरळीत गीतं ऐकून मला इतका राग आला की मी आवाज बंद केला.

संध्याकाळी मोठेबाबांचा हुकूम आला. आमच्या मंडळीत माणूस गेलं की स्मरणसभेत वेदीसमोर उभं राहून त्याची जीवनओळख वाचतात. जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मंडळीतली सेवा, आवडतं गीत. बाहेर, अगदी शेजारच्या सौसरमध्येही कुणाला हे ठाऊक नसेल, पण आमच्या ल्यूथरन मंडळीत ती जीवनओळख नीट झाली नाही तर माणूस नीट पुरलं गेलं नाही असं मानतात. सभा १ ऑगस्टला. "मसुदा मी पाठवतो, तू फक्त नीटनेटका कर. तुझं कामच कागदाचं आहे," मोठेबाबा म्हणाले.

फक्त नीटनेटका. बरं.

मला जेवढं माहीत आहे तेवढं आत्ताच लिहून ठेवते. आजी मिशनच्या मळ्यावर वाढली. तिचे वडील तिथे मोट हाकायचे. संत्र्याची बाग होती, आणि झाडांना पाणी सोडायचं काम सातव्या वर्षापासून आजीकडे होतं. संत्र्याच्या सालीला नख लावून वास घेऊन ती सांगायची, हे झाड तहानलेलं आहे. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांची पुस्तिका तिला शेवटपर्यंत पाठ होती. मी लहान असताना भाकरी थापता थापता बायबलच्या दहा आज्ञा म्हणून घ्यायची. खोट्या साक्षीची आज्ञा आली की थापणं थांबायचं. "आठवी," ती म्हणायची. "दुसरे लोक नववी म्हणतात. आपली आठवी. गिनती चुकू नको." एक मोठा भाऊ होता, संपत. तो तरुण वयात विहिरीत पडून गेला. त्याच्याबद्दल ती बोलत नसे.

११ जुलै, रविवार

ऑफिसात केक होता. वर्ल्डकपला पाचशे दिवस राहिले म्हणून. आपण स्टेडियम बांधत नाही, स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेची गटारं बांधतो, तरी केक. मी खाल्ला नाही. "उपास आहे का?" अवधूत सरांनी विचारलं. मी सांगितलं, आजी गेली. ते खरंच ओशाळले. "अगं, सांगायचं नाही का! घरी जा हवं तर लवकर." आणि पाच मिनिटांनी स्वतःच माझ्या टेबलाशी आले, हातात कागद. "हे एवढं करून मग जा."

गुरुवारी साइटवर शेख यासीन चक्कर येऊन पडला, अजून इस्पितळातच आहे. मी त्याला ओळखते. गेल्या वर्षी गेटपाससाठी फोटो द्यायला आला होता, मी फोनवर मराठीत कुणावर तरी ओरडत होते, तर दारातूनच म्हणाला, "बाई, तुमी आपल्याकडच्या का?" जिंतूरजवळचा. मचाणाचं काम करतो. घरच्यांकडे असावा म्हणून माझा नंबर घेऊन गेला होता.

तर फोरमनच्या रोजच्या नोंदीत घटनेची वेळ बारा दहा लिहिली आहे. उन्हाळ्यात दहा ते साडेतीन उघड्यावर काम बंद असतं, कायदाच आहे. अवधूत सर म्हणाले, "फोरमनचं घड्याळ इंडियाच्या टाइमवर असतं गं. बारा दहा म्हणजे इथले नऊ चाळीस. अडीच तास वजा कर, रिव्हिजन काढ, कारण लिही टाइम झोन दुरुस्ती. खलास."

पटण्यासारखं आहे. इथली अर्धी माणसं घरचीच वेळ मनगटावर बांधून फिरतात. मी रिव्हिजन एक, म्हणजे सुधारित प्रत, काढली, बारा दहाचे नऊ चाळीस केले, 'तयार करणार' या चौकटीत माझी सही. काम सुरू झाल्याची वेळ त्याने पाच लिहिली होती, ती तशीच ठेवली, कारण साइट पाचलाच सुरू होते. मूळ कागद 'रद्द' शिक्का मारून फाईलला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. अडीचला घरी.

१३ जुलै, मंगळवार

मोठेबाबांचा मसुदा आला. मी तो बसमध्ये वाचला आणि शेजारची फिलिपिनो बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"कै. पारूबाई या अत्यंत सौम्य व सोशिक स्वभावाच्या होत्या. त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिले नाही."

कोण? आजी? जिने पंचायतीच्या माणसाला हँडपंपापासून रस्त्यापर्यंत शिव्या देत नेलं होतं, आणि एकही शिवी अशी नव्हती जी पाळकसाहेबांसमोर देता आली नसती? मला स्वतःला तिने दहावीत एक पूर्ण दिवस घराबाहेर बसवलं होतं, कारण मी तेहतीस मार्कांचे त्र्याऐंशी केले होते. मार खाल्ला असता तर परवडलं असतं. ती दिवसभर येऊन जाऊन एवढंच म्हणायची, "तीन खरा हाय. आठ तू काढला." माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस तो.

पुढे: "प्रभुभोजनाला त्या आजन्म नियमितपणे हजर राहिल्या." आणि संपतचं नाव कुठेच नाही. आईवडिलांची "एकुलती कन्या" म्हणे!

मी उत्तर पाठवलं: तारखा कुठून घेतल्या? रजिस्टरची पानं पाठवा. मूळ कागद पाहिल्याशिवाय मी कशावरही माझं नाव घालत नाही.

१५ जुलै, गुरुवार

यासीन गेला. इस्पितळातून दुपारी कळवलं. अवधूत सरांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. दाखल्यात हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. एकोणचाळीस वर्षांचा होता.

जेवण गेलं नाही.

१८ जुलै, रविवार

त्याच्या बायकोचा फोन आला. हजरा नाव. रडत नव्हती, आवाज अगदी सपाट.

"बाई, तुमी मराठी बोलता म्हनून तुमाला लावला. तुमचे साहेब हिंदीत बोलले ते माझ्या दिरानं ऐकलं. ते म्हनले, आपल्या टाइमानं बाराच्या थोडं फुडं पडले."

मी म्हटलं, हो. नऊ चाळीस इथले, बारा दहा तिथले.

"मंग दोनला दहा कमी होते तवा माझ्याशी कोन बोललं?"

आणि तिने मोबाईल दुसऱ्या मोबाईलला लावून त्या दिवशी आलेला आवाजी मेसेज ऐकवला. यासीनचाच. एक गाडी आलीये, माल उतरवतो अन् झोपतो, असं काहीतरी. पुढे लेकीचं काही होतं. मी ते नीट ऐकलं नाही, मी मनात वजाबाकी करत होते. दोनला दहा कमी, त्यातून अडीच तास गेले की इथले अकरा वीस.

मी पुन्हा केली. अकरा वीसच.

"ताई, तुमच्या मोबाईलवर भारताची वेळ दिसते ना," मी म्हटलं.

"ते मला कळतं बाई. सा वर्षं झाले मला अडीच तास कळतात."

मग मी म्हटलं की इथे नेटवर्कचा घोटाळा असतो, सकाळचे मेसेज कधी कधी दुपारी पोचतात. हे खरंही आहे. होतं असं. माझेच मागे एकदा आईला चार तासांनी पोचले होते.

ती म्हणाली, "घरचे बी असंच म्हनतात. माझं डोकं ठिकानावर न्हाई म्हनतात."

मी म्हटलं, आराम करा, लेकरांकडे बघा. दुसरं काय म्हणणार होते?

रजिस्टरची पानं अजून आली नाहीत. मोठेबाबा मुद्दाम टाळतायत. खोटं लपवायचं असलं की माणसं कागद दाखवत नाहीत, एवढं तर मला या नोकरीत कळलंय.

२१ जुलै, बुधवार

ईदची सुट्टी. आज पानं आली, फोटो काढलेले, वाकडे, एकावर मोठेबाबांचा अंगठा.

आमच्या जुन्या मंडळीत प्रभुभोजनाचं रजिस्टर असायचं. आधल्या शनिवारी पाळकाकडे जाऊन नाव द्यायचं. कुणाशी वैर असेल तर पाळक विचारायचा, आणि ते मिटवल्याशिवाय नाव घ्यायचा नाही. रविवारी जो भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे गेला त्याच्या नावापुढे खूण. खरं तर हे माझंच काम झालं, डॉक्युमेंट कंट्रोल.

पारू, १९४४ साली दृढीकरण होऊन प्रभुभोजन घ्यायला मोकळी झालेली, वय चौदा. खूण, खूण, खूण. मे १९४६ पर्यंत. मग काही नाही. मी पानं ओळीनं लावली. १९४७ कोरं, ४८ कोरं, ५० साली लग्न झालं, आजोबांच्या नावापुढे खुणा आहेत, तिच्यापुढे नाहीत. थेट जून १९५७ मध्ये पुन्हा पहिली खूण, तीही इतकी दाबून काढलेली की टाकाची शाई फुटली आहे.

अकरा वर्षं! आणि म्हणे आजन्म नियमित.

फोन लावला. मोठेबाबा म्हणाले, "जुनी रजिस्टरं अपुरी असतात." मी म्हटलं, बाकी एकशे सहा माणसांची पुरी आहेत, एकटीचीच कशी अपुरी? "तुले काय करायचं आहे? स्मरणसभा आहे की कोर्ट?" मी म्हटलं, तुम्ही आजीचं आयुष्य खोडून दुसरं लिहिताय, आणि वर माझ्याकडून सुंदर अक्षरात मागताय. फोन ठेवला, म्हणजे आपटला असता जर आपटण्यासारखा असता.

२३ जुलै, शुक्रवार

दोह्याला जाऊन आले, उपासनेला. कंपनीची खरेदीची बस मिळाली. चर्चच्या आवारात अजून मोजक्याच माणसांना सोडतात, रांगेत मोबाईलवर कोविडच्या अ‍ॅपचा हिरवा रंग दाखवून आत. मी इंग्रजी उपासनेला बसते, मराठीत इथे आमच्यातलं कुणी भेटलेलं नाही. प्रभुभोजन बंद कपात होतं, वर कागद चिकटवलेला, तो निघता निघत नव्हता. इथे नाव द्यायला लागत नाही, कुणी काही विचारत नाही. हवं त्यानं पुढे जावं. मी गेले आणि आले.

परत येताना बसमध्ये सगळा वेळ मोठेबाबांशी मनात भांडत होते.

हजराचा काल मिस कॉल होता. आज परत एक. उपासनेत होते. नंतर लावेन.

२५ जुलै, रविवार

शेवटी बोलले. मी तिसऱ्यांदा फोन केल्यावर मोठेबाबा आधी ओरडले आणि मग एकदम खाली बसल्यासारखा आवाज झाला त्यांचा.

१९४६ च्या मे महिन्यात मिशनच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायचा होता. संपत वीस वर्षांचा. त्याने सांगितलं होतं की पूर्वेकडची दरड सुटलेली आहे. मळ्यावरच्या साहेबाने त्याला दोर बांधून उतरवलाच. आजी, सोळा वर्षांची, वर गाळाच्या टोपल्या ओढत होती. दरड कोसळली. दोर वर आला तो रिकामा.

मंडळीच्या रजिस्टरात लिहिलं गेलं: पाण्यासाठी गेला असता पाय घसरून. साहेब भला माणूस होता, त्याने शाळा काढली होती, त्याला त्रास नको. तिच्या वडिलांनीही मान डोलावली, कारण घर मळ्यावर होतं. आजीने पंचांसमोर उभं राहून सांगितलं, "मी पायलं हाय. तुमी तिथं नव्हते." ते म्हणाले, पोरगी घाबरली आहे, उन्हाने तिला भास झाला.

"त्या शनिवारी ती नाव द्याले गेली," मोठेबाबा म्हणाले. "पाळकानं विचारलं, कुणाशी वैर? ती म्हणाली, या रजिस्टराशी. ते खोटं आहे तवर माझं नाव त्यात नको. उपासनेले मात्र एक रविवार चुकली नाही. सगळे पुढे जायचे, बाबा पण जायचे, ती बाकावर बसून राहायची मले मांडीवर घेऊन. शाळेत पोरं म्हणायची, तुह्या मायनं मोठं पाप केलं आहे. मले वाटायचं, खरंच केलं असंल."

सत्तावन साली नवीन पाळक आला, आपल्यातलाच. त्याने रजिस्टर उघडून तिला विचारलं, आणि समासात लिहिलं: मळ्याच्या कामासाठी विहिरीत उतरवला होता. साक्ष: पारू. त्या रविवारी ती पुढे गेली.

मी रडले. मग चिडले. ही बाई सोळाव्या वर्षी सगळ्या गावासमोर एकटी उभी राहिली आणि तिला "सौम्य व सोशिक"? मी सगळं लिहून काढलं, तीन पानं, संपतच्या नावासकट, आणि पाठवलं. खाली लिहिलं: यातला एक शब्द बदलायचा नाही.

अशी होती माझी आजी, आणि मी तिची नात आहे.

१ ऑगस्ट, रविवार

बाथरूमचं दार लावून ऑफिसमधूनच स्मरणसभा पाहिली. मोठेबाबा उभे राहिले, चष्मा लावला, कागद उलगडला.

"अत्यंत सौम्य व सोशिक स्वभावाच्या."

पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःचंच वाचलं त्यांनी. एकुलती कन्या. आजन्म नियमित. लोक माना डोलवत होते.

सभा संपायची वाटही न पाहता फोन केला. काय काय बोलले ते लिहीत नाही, आजीला आवडलं नसतं, किंवा फारच आवडलं असतं. तुम्ही भित्रे आहात म्हटलं. मेलेल्या बाईला दुसऱ्यांदा खोटी पाडलीत म्हटलं. त्यांना सगळं ऐकू आलं, मागे लोकांच्या चहाचा आवाज येत होता.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "हो, मी भितो. त्या पोरांपैकी तिघं आजही समोरच्या बाकावर बसते. तू मोठी खरी. मले एक सांग, तू इतके वर्षं कागदं बनवून राहिली तिकडे. खोटी वेळ, खोटी तारीख, कधीच नाही टाकली?"

म्हातारा वेडा झाला आहे. याचा इथे काय संबंध? मी फोन बंद केला.

३ ऑगस्ट, मंगळवार

काम सुरू: पाच. घटना: बारा दहा. एकाच माणसाने, एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेलं. घड्याळ इंडियाचं असतं तर त्याने सुरुवात साडेसात लिहिली असती.

हे मला ११ तारखेलाच दिसलं होतं. या वहीत लिहिलंसुद्धा आहे मी, आत्ताच ते पान पाहिलं. पाच तशीच ठेवली म्हणे, कारण साइट पाचलाच सुरू होते! एवढी हुशार आहे मी. दहावीत आठ काढणारीच मी अजून.

कुणावर ओरडू? आज दिवसभर शोधतेय. फोरमन गरीब, त्याने खरं लिहिलं होतं. अवधूत सर अडीच तास म्हणाले, पण सही कुणाची आहे?

आणि तिला नेटवर्क मी सांगितलं. ते तर मला कुणीच सांगायला लावलं नव्हतं.

४ ऑगस्ट, बुधवार

फाईलमधून मूळ कागद काढला, 'रद्द' शिक्क्यासकट स्कॅन केला, आणि अवधूत सरांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घ्या म्हटलं. त्यांना वाटलं रजा मागायला आले.

"ही रिव्हिजन मी मागे घेतेय. मूळ नोंद मुख्य ऑफिसला आणि क्लायंटच्या सेफ्टीवाल्यांना पाठवतेय."

"मधू, बस जरा. पाणी घे. आजी गेल्यापासून तू अपसेट आहेस."

"आजीचं नाव काढू नका."

"बरं, नाही काढत. पण अगं, एक ट्रेलर उशिरा आला, तो परत पाठवला असता तर चार दिवस गेले असते. मी काय मुद्दाम केलं का कुणाला मारायला? मलाही झोप लागत नाही. तो माणूस काही परत येणार आहे का आता?"

"त्याच्या बायकोला सगळे वेडी म्हणतायत."

"तिला कोण काय म्हणतं ते आपल्या हातात आहे का?" मग त्यांनी तो कागद माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. "तयार करणार कोण आहे यात? मी नाही. तू आहेस. तू हे पाठवलंस तर पहिली तू जातेस, कळतंय ना तुला?"

मी म्हटलं, कळतंय. टेबलाशी येऊन पाठवायचं बटण दाबलं, एकदा नाही, दोनदा. दोन दोन प्रती गेल्या असणार.

५ ऑगस्ट, गुरुवार

बसमध्ये चढताना पासवर लाल दिवा लागला. ड्रायव्हरला वाटलं मशीन बिघडलं. "यल्ला, बैठो मॅडम," म्हणाला. मी उतरले. दहाला मेल आला: चौकशी होईपर्यंत ऑफिसात यायचं नाही, खोली महिनाअखेर रिकामी करायची. आठ वर्षं, आणि मेल पाच ओळींचा. एक शुद्धलेखनाची चूक पण आहे त्यात.

मला वाटलं होतं की आता राग जाईल. उलट वाढलाय. खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय आणि प्रत्येक घडी चुकतेय.

हजराला फोन करायचा आहे. काल करणार होते. आजही केला नाही.

६ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी लावला. पहिल्याच रिंगला उचलला. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत आहे, घराबाहेर पडत नाही, फोन जवळच असतो म्हणाली.

मी सगळं एका दमात सांगितलं, थांबले असते तर बोलले नसते. बारा दहा ही इथलीच वेळ होती. काम बंद असायच्या वेळात गाडी उतरवायला लावली. कागद मी बदलला होता, आता मूळ कागद वर पाठवलाय. तुम्ही बरोबर होतात ताई, पहिल्यापासून.

तिकडे कोंबडा ओरडत होता आणि कुणीतरी भांडी घासत होतं.

"म्हंजे माझ्याशी बोलले तवा चांगले होते."

"हो."

"अन् मंग उन्हात गेले."

"हो."

"मंग नेटवर्क काऊन म्हनल्या तुमी?"

मी म्हटलं, घाबरले. मग म्हटलं, नाही, घाबरायच्या आधीच बोलून गेले. सोपं होतं ते.

"मी तो आवाज पुसला बाई," ती म्हणाली.

मला कळलं नाही. काय पुसलं?

"त्यांचा. तुमी बी तसंच म्हनल्या, घरच्यांचं तर चालूच होतं. दिवसभर तेच ऐकती, टाइम मोजती, डोकं बिघडलंय म्हनून. दिरानं सांगितलं, पुसून टाक, लेकरांकडं बघ. मला बी वाटलं, येवढे लोक म्हनतात तर मीच येडी असन. मागच्या हप्त्यात पुसला. तुमाला आधी दोन डाव फोन लावला, तुमी उचलला न्हाई." मग म्हणाली, "शब्द पाठ हायेत मला. आवाज इसरत चाल्लाय."

मी रडायला लागले. मला माफ करा ताई, म्हटलं, दोन-तीनदा म्हटलं असेन.

"रडू नका. माफी बी नका मागू," ती म्हणाली, पहिल्यांदाच आवाज चढवून. "आज नका मागू. आज मला तुमचा लई राग आलाय."

मी बरं म्हटलं. कधी मागू, हे विचारायच्या आत तिने फोन ठेवला.